निधीचा घास आणि मिरचीचे हात

अक्का, ‘मी कोठे जास वं?’ असं मला हसत म्हणाली होतीस. मी कुठं जाते गं. आता सांग, कुठे गेलीस?

राग आलाय मला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात, मीही बोलेन, पण आधी भांडणार. त्या दिवशी सकाळी तू निधीला भरवलंस, तिचं तोंड पुसलंस, छातीत दुखतंय म्हणून सोडा प्यालीस, ‘पित्त असेल’ म्हणालीस आणि भिंतीला टेकून बसलीस ती बसलीसच. जिने गावोगावच्या बायांना ‘अंगावर काढू नका, लवकर दाखवा, लवकर’ म्हणून हैराण करून सोडलं, तिने स्वतःचं दुखणं सोड्यावर भागवलं! संध्याकाळी तुला अग्नी देऊन माणसं परत आली तेव्हा घरात एकच प्रश्न उरला होता. तुझी पोर आता कुणाच्या हातून जेवणार?

पाच वर्षांची निधी. मान अजून पुरती धरत नाही, बोलत नाही, हातपाय तिचं ऐकत नाहीत. तिला भरवणं म्हणजे नुसतं तोंडात काही घालणं नव्हे, हे त्या घरात तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? मांडीवर बसतं करायचं, पाठ आपल्या दंडावर, हनुवटी थोडी खाली आणि तिच्या हनुवटीवर आपला अंगठा. चमचा समोरून न्यायचा, ओठ मिटेपर्यंत थांबायचं. मान मागे पडली की घास पोटात जायचा सोडून श्वासात जातो. पातळ तर मुळीच द्यायचं नाही. घोटून घट्ट केलेली मुगाची खिचडी. हे सगळं तू जिल्ह्याच्या, अशा लेकरांसाठीच्या केंद्रातल्या थेरपिस्ट मॅडमकडून शिकलीस आणि जिल्हाभर शिकवत फिरलीस. फक्त रनाळ्यात, तुझ्या स्वतःच्या घरात नाही शिकवलंस.

त्या संध्याकाळी कडू घास आला. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही, भाऊबंदांनी जेवण आणायचं आणि घरच्यांना बळेच दोन घास खाऊ घालायचे, हे आपल्याकडे चालतंच. शेजारच्या म्हाताऱ्या काकूला निधीची दया आली. ‘माय गई, पोर भूकी शे,’ म्हणत तिने निधीला खाटेवर आडवी ठेवूनच वाटीने वरण पाजलं. पातळ वरण, अक्का. मायेनेच पाजलं तिने, तिला बिचारीला काय माहीत. मी बाहेर ओट्यावर होते. आतून तो आवाज आला. तू बायांना नक्कल करून दाखवायचीस ना, ‘अशी घरघर ऐकू आली की थांबा’ म्हणून? तोच. मी धावले. पोर निळी पडली होती. उचलली, पुढे वाकवली, पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे श्वास फिरला. काकू भिंत धरून खाली बसली. आणि त्यानंतर निधीने जे तोंड मिटून घेतलं ते उघडेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओमला सासूबाईंच्या पदरात टाकून मी धानोऱ्याहून परत आले. तसंच बसवलं, शेजारच्या चुलीवर तशीच खिचडी घोटली, तुझाच चमचा घेतला. ओठ घट्ट. तुझी जुनी ओढणी खांद्यावर घेतली, म्हटलं वासाने तरी फसेल. नाही फसली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली. ओठांवर पाण्याचे थेंब लावले तेवढे चाटले. घरातल्या बाया आळीपाळीने येत, ‘दे वं, मी पाहास,’ म्हणत आणि हरून उठत. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘उद्या दुपारपर्यंत काही गेलं नाही तर घेऊन या, दाखल करावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल.’ नळी! तान्ही असताना ती नळी काढायला तू किती झगडलीस, ते तूच मला सांगितलं होतंस. मी फोन ठेवला आणि तुझ्या न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. तुला हाका मारल्या. चक्क हाका मारल्या, वेड्यासारख्या.

रडायची सुद्धा तूच शिस्त लावली होतीस मला. आठवतं? ओम तेव्हा अंगावरचा होता. सगळी पोरं पालथी पडायची त्या वयात तो कापसाच्या पिशवीसारखा पडून राहायचा. घरात म्हणत, आळशी आहे, बापावर गेलाय. जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवलं, डॉक्टरांनी शांतपणे काय ते समजावलं, मला त्यातला एक शब्द कळला नाही, फक्त ‘आयुष्यभर’ एवढं कळलं. शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या व्हरांड्यात मी हुंदके देत उभी होते. शेजारी तू, कडेवर निधी. म्हणालीस, ‘रडायचं तर रड बाई, पण रांगेत उभी राहून रड. नंबर जाईल.’ मला इतका संताप आला! आणि मग हसू आलं. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

त्याच दिवशी पाटीकडे बोट दाखवून म्हणालीस, ‘नाव बघ, शीघ्र! अन् आपण येतो कधी? भगत झाला, दोरा झाला, नवस झाला, सासूचा रुसवा झाला, मग शीघ्र.’ कान कुठे तपासायचे, डोळे कुठे, हृदयाचा फोटो काढायला कुठल्या वारी जायचं, सगळं तू चालत चालत सांगितलंस. नुसतं सांगितलं नाहीस, दाराशी नेऊन सोडलंस. ‘हिचं पहिलं लेकरू शे, हिले नीट समजाडी सांगा,’ असं आतल्या बाईला दटावलंस. ओम आज चालतो, पळतो, माझी चप्पल लपवतो, ते त्या दिवशी तू माझं मनगट सोडलं नाहीस म्हणून. हे तुला कधी तोंडावर म्हटलं नाही मी. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, ‘हाव, मग आता चहा पाज.’

दुपारच्या गाडीला वेळ असायचा तेव्हा आपण बसस्टँडवर डबा सोडायचो. तुझं एक वेगळंच. एक घास तुझा, एक चमचा तिचा. भाकरीचा तुकडा तोंडात टाकून तू मचमच चावायचीस आणि मग तिच्याकडे वळायचीस. मला बघवायचं नाही. ‘अगं, आधी तिचं उरक, मग सुखाने चार घास खा ना,’ असं मी किती वेळा म्हटलं. तू म्हणायचीस, ‘गप वं. आम्ही दोन्ही पंगतमा बसेल शेतस.’ मला वाटायचं, बाई घाईत आहे, वेळ वाचवते. दुसरं काही डोक्यातच आलं नाही.

आणि आता ते भांडण. ते संपलेलं नाही, अक्का, तू गेलीस म्हणून संपणारही नाही.

दिवाळीच्या आधी धडगावकडच्या पाड्यावर गेलो होतो आपण. नवराबायको ऊसतोडीला निघायच्या तयारीत, आणि घरात कडक हातापायांचं तान्हं लेकरू. आई त्याला झोळीत आडवंच दूध पाजायची. आपल्याला त्यांची पावरी बोली येत नाही, अंगणवाडीची बाई मध्ये बसून सांगत होती. तू आईला शिकवलंस आणि मग बापाकडे वळलीस. ‘तू बठ. तुन्हा हातनं पाज.’ तो लाजला. म्हणाला, ‘बाई, हे आमचं काम नाय.’ बाहेर उभी असलेली माणसं हसली. तू नाही हसलीस. ‘फडावर ही मोळी बांधायला गेली, आजारी पडली, तर? एका हातावर लेकरू ठेवू नका. घरातल्या सगळ्यांना आलं पाहिजे.’ त्याच्या मांडीवर पोर ठेवूनच उठलीस तू. त्या माणसाने जीव मुठीत धरून पाजलं, लेकराने गिळलं, तेव्हा तो जो हसला, तो मला अजून दिसतो.

परतीच्या बसमध्ये मी बोलले. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. ‘अक्का, जगाला सांगतेस, आणि तुझ्या घरात? निधीचे बाप असून भाऊंनी कधी चमचा धरलाय?’

‘त्यास्ना हातले मिरची शे,’ तू म्हणालीस.

खरं होतं ते. भाऊ मिरचीच्या पथारीवर कामाला. त्या लाल अंथरलेल्या मैदानावर दिवसभर मिरची पसरायची, उलटायची, पोत्यात भरायची. तूही आधी तिथे देठ खुडायचीस. निधीच्या हनुवटीला हात लागला की ती कळवळायची, म्हणून तू ते काम सोडलंस. पण मी काय कमी आहे? म्हटलं, ‘मिरची काय बारा महिने असते? पावसाळ्यात कुठे असते मिरची? आणि तुझ्या सासूबाईंच्या हाताला काय लागलंय?’

‘त्या घाई करतात.’

‘मग शिकव ना! तुला काही झालं तर?’

‘मी कोठे जास वं?’ तू हसलीस. मी नाही हसले. मी म्हटलं, ‘तुला शिकवायचंच नाहीये कुणाला.’ जरा जोरात म्हटलं, पुढच्या बाकावरच्या बाईने वळून बघितलं. तुझं तोंड एवढंसं झालं. तू खिडकीकडे वळलीस. प्रकाशा गावाजवळच्या पुलावरून खाली तापीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा, माझ्याकडे न बघताच, म्हणालीस, ‘ती तोंड उघडस ना, तवय मले वाटस, ती मले माय म्हनी ऱ्हायनी.’

माझा ओम बोबडं का होईना, आई म्हणतो. दिवसातून शंभरदा म्हणतो, मी वैतागते. तुझ्या लेकीचं सगळं बोलणं त्या उघडणाऱ्या ओठांत होतं आणि ते तुला एकटीला हवं होतं. कुणाला वाटून द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू फोन करून ओमच्या बुटांचं माप विचारलंस, आपलं जमलं, आणि तो विषय तिथेच राहिला. मी परत काढायला हवा होता की नको होता? रोज विचारते स्वतःला.

तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निधीचे ओठ सुकून सोलवटले. डोळे आत गेले होते. रिक्षा सांगून ठेवली होती, पिशवी भरली होती. मी तिला मांडीवर घेऊन बसले होते, समोरच्या भिंतीला भाऊ. त्यांनीही तुझ्यामागे अन्नाला शिवलं नव्हतं. घरातली बाकीची माणसं जेवत होती, पण मागच्या पडवीत, पाठ फिरवून, चोरून जेवल्यासारखी. उपाशी लेकरासमोर कोण खाणार? म्हणत, ‘आधी पोरले जेवू द्या.’

तेवढ्यात भाऊंची बहीण सुरतेकडून आली. तिच्या हातात भाकरी आणि बेसनाचा डबा, तिचा कडू घास. गळ्यात पडून रडली, आणि मग डोळे पुसून समोर बसली. ‘भाऊ, एक घास खाय ले. मन्ही आन शे तुले.’ भाऊंनी मान हलवली. तिने ऐकलं नाही, सरळ तोंडात घास कोंबला. भाऊ तो चावायला लागले. गालावरून पाणी गळतंय आणि जबडा हलतोय. घरात फक्त तो चावण्याचा आवाज.

माझ्या मांडीवर काहीतरी हललं. बघते तर निधी बापाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिचा जबडा हलत होता, रिकामाच. आणि तिने तोंड उघडलं.

अक्का, माझ्या हातात चमचाच नव्हता! ‘खिचडी! खिचडी आणा!’ मी अशी किंचाळले की आत्या दचकून मागे सरली. कुणीतरी वाटी आणली. भाऊंना म्हटलं, ‘खा, थांबू नका, खात राहा!’ ते बिचारे गोंधळले, पण खात राहिले. त्यांचा एक घास, तिचा एक चमचा. मी एक तुकडा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला आणि मचमच चावला, तुझ्यासारखा. तिने पुन्हा उघडलं. पंगत हवी होती गं तिला. तू तिला जन्मात कधी एकटीला जेवायला बसवलं नव्हतंस, आणि आम्ही सगळे चमचा घेऊन तिच्यासमोर नुसते बघत उभे होतो. किती बावळट आम्ही!

अर्धी वाटीसुद्धा गेली नाही. पण नळी टळली, निदान त्या दिवसापुरती. मॅडम म्हणाल्या, वजनावर लक्ष ठेवा, खोकला वाढला तर लगेच या. म्हणजे धोका टळला असं कुणीच म्हणालं नाही.

तेव्हापासून रोज येते मी. धानोऱ्याहून दोन गाड्या बदलून. ओमचा थेरपीचा वार बुडाला, त्याचे बाबा धुसफुसतात, सासूबाई बोलत नाहीत. निधी आता माझ्या हातून बरी जेवते. काल भरवून झालं, मी तिचं तोंड पुसत होते, तुझ्या सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, ‘बेटा, तूच येत ऱ्हाय. तुन्हाच हातनं खास ती. आम्हना भरवसा नही.’ मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. निधी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, ‘येईन ना मावशी. मी कुठं जातेय?’

म्हटलं आणि लक्षात आलं, हे तर तुझंच वाक्य.

तशीच उठले. भाऊ ओट्यावर बसले होते. म्हटलं, ‘भाऊ, आत या. उद्यापासून नाही, संध्याकाळपासूनही नाही, आत्ता. अजून थोडी खिचडी आहे.’ त्यांनी दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. ‘मन्हा हातले मिरची शे, जोस्ना.’ तू गेल्यापासून ते पथारीवर गेले नाहीत, तरी नखांच्या कडांतून, भेगांतून लाली दिसत होती. वर्षानुवर्षांची मिरची ती, एवढ्यात कशी जाईल? राख लावून धुतले, तेल चोळलं, दही चोळलं, परत धुतले. आले. मी निधीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, पाठ दंडावर टेकवली, त्यांचा अंगठा उचलून तिच्या हनुवटीवर ठेवला.

आणि ती रडली, अक्का. झोंबलं तिला. हनुवटीवर लाल उमटलं. मावशी आतून ओरडल्या, ‘ऱ्हाऊ दे रे, जोस्नाले दे!’ भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं धडगावच्या त्या बापाने तुझ्याकडे बघितलं होतं. चमचा पुढे केला. मला घ्यावासा वाटला. जीव तुटत होता माझा, घ्यावा आणि संपवावं. मी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून बसले. म्हटलं, ‘तुम्ही खा आधी. तिला दिसेल असं खा.’

त्यांनी तिच्याच वाटीतली खिचडी खाल्ली. चावण्यासारखं काही नव्हतं त्यात, तरी चावली. निधी हुंदके देत बघत राहिली. मग हुंदका मध्येच थांबला आणि ओठ उघडले. भाऊंनी चमचा समोरून नेला, थांबले, ओठ मिटेपर्यंत थांबले. तिने गिळलं. एवढंच. दुसऱ्या चमच्याला परत रडली, तिसरा घेतला. डोळ्यांतून पाणी, हनुवटीवर तो लाल डाग, आणि पोर बापाच्या हातून जेवत होती.

ती मिरची उतरायला दिवस लागतील, अक्का. तोवर तिला रोज झोंबणार आहे. ते दिवस तू असताना काढायला हवे होते गं, तुझ्या मांडीशेजारी बसून.